पलटणीचे दार

मानाच्या पायदळ पलटणीत कुणी यावे हे जातीवरून ठरवण्याची रीत लष्कराच्या अनुभवातून आली, असे अनेकदा गृहीत धरले जाते. मुंबई इलाख्याचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. 18व्या शतकात ‘ग्रेनेडियर’ हा मान उंचापुऱ्या, दणकट शिपायांच्या तुकड्यांना मिळे. 1 जानेवारी 1818 रोजी भीमा कोरेगावला लढलेल्या बटालियनला पुढे हाच किताब मिळाला, तो त्या लढाईतल्या कामगिरीबद्दल. तिथल्या स्तंभावर कोरलेल्या नावांत शेवटी ‘नाक’ असलेली नावे एकापाठोपाठ एक येतात. ती महार शिपायांची आहेत. म्हणजे ज्यांच्या जिवावर पलटणीला मान मिळाला, त्यांत हे शिपाई होते. पाऊणशे वर्षांनी त्यांच्याच वंशजांना भरतीचे दार बंद झाले.

दार बंद झाले ते ‘लढाऊ जातीं’च्या सिद्धांतामुळे. 1885 ते 1893 या काळात सरसेनापती असलेले लॉर्ड रॉबर्ट्स त्याचे मोठे पुरस्कर्ते. शूर शिपाई उत्तरेतच निपजतो, असे त्यांचे ठाम मत होते. 1890च्या दशकाच्या आरंभी महारांची भरती थांबली, तेव्हा पलटणीतून हवालदार-सुभेदार होऊन निवृत्त झालेली माणसे गावोगाव हयात होती. त्यांतलेच एक, गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 मध्ये भरती पुन्हा सुरू करावी, असा सरकारला द्यायचा अर्ज सिद्ध केला. 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी थेट भारतमंत्र्यांपुढे मांडली. दाद लागली नाही. मग महायुद्धात माणसे कमी पडू लागली आणि 1917 मध्ये 111वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, 1921 मध्ये ती मोडली. 1941 मध्ये पुन्हा युद्ध, पुन्हा भरती, आणि बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन. एखाद्या समाजाचे शौर्य चार वर्षांत उगवत नाही आणि मावळतही नाही. बदलत होती ती सरकारची गरज, आणि पात्रतेची अट त्या गरजेमागून फरफटत जात होती.

स्वतंत्र भारतात जनरल करिअप्पांनी 1949 मध्ये ब्रिगेड ऑफ द गार्ड्स उभारली. तिच्यासाठी त्यांनी पंजाब, ग्रेनेडियर्स, राजपुताना रायफल्स आणि राजपूत या रेजिमेंटांच्या अत्यंत जुन्या, नामांकित बटालियन निवडल्या आणि त्यांत सर्व प्रांतांच्या, सर्व जातींच्या जवानांना वाट मोकळी केली. नवी, बिनमहत्त्वाची तुकडी घेऊन प्रयोग करणे सोपे होते. त्यांनी सर्वांत मानाची जागाच खुली केली, आणि माझ्या मते या निर्णयाचे मोठेपण त्यात आहे.

यावर आक्षेप असा की, एका बोलीची, एका गावगाड्यातली माणसे एकमेकांसाठी जीव देतात. सरमिसळीत ती जवळीक येत नाही. आक्षेप पोकळ नाही. इटलीत 1944 मध्ये यशवंत घाडगे आणि 1945 मध्ये नामदेव जाधव यांनी मराठा पलटणीत मिळवलेले व्हिक्टोरिया क्रॉस कोण विसरेल? पण एकजिनसी पलटण चांगली लढते, एवढ्यावरून मिश्र पलटण लढणार नाही असे सिद्ध होत नाही. 1971 च्या डिसेंबरात गंगासागरच्या लढाईत 14 गार्ड्सचे लान्सनायक अल्बर्ट एक्का, छोटा नागपूरचे उराँव आदिवासी, आपल्या कंपनीवर आग ओकणाऱ्या मशीनगनच्या बंकरवर संगीन घेऊन तुटून पडले. जखमी झाल्यावरही ते थांबले नाहीत. दुसरी मशीनगन एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरून धडाडत होती. सरपटत जाऊन त्यांनी ग्रेनेड फेकला, भिंत चढून आत शिरले आणि तीही बंद पाडली. त्या जखमांनीच त्यांना मृत्यू आला. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. रॉबर्ट्स यांच्या यादीत असा शिपाई बसलाच नसता. सोबत्यांसाठी जीव देण्याची ती जवळीक एकत्र तालीम, एकत्र पंगत आणि सोबत जाणारा अधिकारी यांतून घडते.

जुन्या रेजिमेंटा खुल्या केल्या तर परंपरा बुडेल, ही भीती आजही बोलली जाते. महार रेजिमेंटकडे पाहावे. स्वातंत्र्यानंतर तिने इतर समाजांतले जवान घेतले, आणि नाव मात्र तेच राखले.