संसर्गावरील वनौषधी : मर्यादा

जंतुसंसर्गावर झाडपाल्याचे उपचार करण्याची पद्धत सोलापूर जिल्ह्यात आजही टिकून आहे. खोकल्याला अडुळसा, जखमेला हळद किंवा दगडी पाला, खरजेला कडुनिंब, आवेला कुड्याची साल हे त्यांतले परिचित उपाय. यांपैकी काही वनस्पतींत जंतुरोधक द्रव्ये खरोखरच असतात. पण संसर्ग मुळापासून बरा करण्याइतकी त्यांची ताकद क्वचितच सिद्ध झाली आहे.

मुख्य अडचण मात्रेची आहे. प्रयोगशाळेतल्या काचपात्रात जंतूंची वाढ रोखणारा अर्क पोटात घेतल्यावर रक्तात तेवढ्या प्रमाणात उतरत नाही. हळदीत कर्क्युमिन जेमतेम काही टक्के असते आणि तेही शरीरात फारच थोडे शोषले जाते. जमीन, हंगाम व साठवण यांनुसार पाल्याचा गुणही बदलतो. हिवतापावरील क्विनीन आणि आर्टेमिसिनिन ही दोन्ही औषधे वनस्पतींतूनच मिळाली, मात्र ती भरवशाची ठरली ती द्रव्य शुद्ध करून मात्रा निश्चित केल्यावर. आर्टेमिसिनिनच्या शोधासाठी चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही त्याच वनस्पतीचा काढा हिवतापावर घेऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

यंत्रमाग आणि विडी उद्योगाच्या सोलापुरात क्षयरोगाच्या बाबतीत ही मर्यादा फार महत्त्वाची ठरते. खोकला धुळीचा किंवा तंबाखूचा समजून अंगावर काढला जाण्याचा धोका येथे मोठा आहे. अडुळशाने कफ सुटतो, बरेही वाटते, परंतु क्षयाचे जंतू शरीरात तसेच राहतात. मधल्या काळात फुप्फुस पोखरले जाते आणि घरातल्यांना लागण होते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास थुंकीची तपासणी आवश्यक असते. नेहमीच्या क्षयावर किमान सहा महिने अनेक औषधे एकत्र घ्यावी लागतात. त्यांची जागा कोणताही काढा घेऊ शकत नाही.

एकोणिसाव्या शतकात याच जिल्ह्यातल्या पंढरपूरच्या यात्रेत पटकीच्या साथी वारंवार उद्भवत. या रोगात शरीरातले पाणी व क्षार झपाट्याने निघून जातात आणि काही तासांत मृत्यू ओढवू शकतो. म्हणून जुलाब बांधणाऱ्या काढ्यापेक्षा जलसंजीवनी किंवा शिरेतून दिलेले सलाइन निर्णायक ठरते.

कुत्रा चावल्यावर झाडपाल्याचे औषध देण्याची प्रथा सर्वांत घातक होय. रेबीजची लक्षणे उमटल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. जखम १५ मिनिटे साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी लस सुरू करणे अत्यावश्यक असते. सरकारी रुग्णालयांत ती मोफत मिळते.