पत्राखालचा पत्ता

आजची गोष्ट एका साध्या नियमापासून सुरू करू. ब्रिटनमध्ये खासदाराला पत्र लिहायचं असेल तर नावाखाली आपला पत्ता द्यावा लागतो. दुसऱ्या खासदाराच्या मतदाराचं काम आपण हाती घ्यायचं नाही, असा तिथला जुना संकेत आहे. म्हणून पत्र आलं की आधी पत्ता बघतात. माणूस आपल्या मतदारसंघातला असेल तर उत्तर देणं भाग पडतं. वेस्टमिन्स्टरच्या संसदेत मधोमध सेंट्रल लॉबी नावाचं अष्टकोनी दालन आहे. तिथे जायचं, एक हिरवं कार्ड भरायचं आणि आपल्या खासदाराला निरोप पाठवायचा. हा नागरिकाचा हक्कच आहे.

आता प्रश्न असा, की ज्यांचं भवितव्य त्या संसदेत ठरतं, पण ज्यांना तिथे खासदारच नाही, त्यांनी काय करायचं?

ऑगस्ट १९२१ मध्ये पॅलेस्टाइनच्या अरबांचं एक शिष्टमंडळ लंडनला पोचलं. प्रमुख होते मूसा काझिम पाशा अल-हुसैनी, जेरुसलेमचे माजी महापौर. मंडळात मुसलमान होते, तसे ख्रिस्तीही होते. मुक्काम सेसिल हॉटेलात. वर्षभर ही माणसं तिथे राहिली. वसाहतमंत्री चर्चिलना भेटली, निवेदनं दिली, खासदारांना आणि लॉर्डांना गाठलं. ज्याला आपण आज लॉबिंग म्हणतो, ते सगळं केलं.

त्यांची तक्रार काय होती? २ नोव्हेंबर १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्यात पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या 'राष्ट्रीय घरा'ला पाठिंबा दिला होता. तिथल्या इतर समाजांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांना धक्का लागणार नाही, असंही म्हटलं होतं. राजकीय हक्कांचा शब्द मात्र त्यात नव्हता. १९२२ च्या जनगणनेत पॅलेस्टाइनची लोकसंख्या साधारण ७ लाख ५७ हजार भरली. त्यात ज्यू सुमारे ८४ हजार. म्हणजे ज्यांना 'इतर' म्हटलं, ते दहात जवळजवळ नऊ होते. शिष्टमंडळ एवढंच म्हणत होतं, की आमच्या देशाचा कारभार आम्ही निवडून दिलेल्या लोकांच्या हाती द्या.

मार्च १९२२ मध्ये वसाहत खात्याने उत्तर दिलं. त्याचा आशय असा: अनौपचारिक बोलायला आमची हरकत नाही, पण अधिकृत वाटाघाटी करता येणार नाहीत, कारण पॅलेस्टाइनमध्ये प्रतिनिधित्वाची कोणतीही अधिकृत यंत्रणा अजून अस्तित्वात नाही. बघा कसा पेच आहे! ही माणसं प्रतिनिधित्व मागायला आली होती आणि त्यांना सांगितलं गेलं, की तुम्ही प्रतिनिधी नाही.

तरी त्यांच्या वर्षभराच्या खटपटीला एक यश आलं. २१ जून १९२२ रोजी लॉर्डांच्या सभागृहात लॉर्ड इस्लिंग्टन यांनी ठराव मांडला, की ही राजवट तिथल्या बहुसंख्य लोकांच्या इच्छेविरुद्ध आहे. खुद्द बाल्फोर उत्तर द्यायला उभे राहिले. लॉर्ड म्हणून त्यांचं ते पहिलंच भाषण. ठराव ६० विरुद्ध २९ मतांनी मंजूर झाला.

या चर्चेत आपल्या ओळखीची माणसं भेटतात. इस्लिंग्टन म्हणजे भारतातल्या सरकारी नोकऱ्यांविषयीच्या त्या आयोगाचे अध्यक्ष, ज्यात गोपाळ कृष्ण गोखले सदस्य होते. आणि ठरावाच्या बाजूने तावातावाने बोलणारे लॉर्ड सिडनहॅम म्हणजे पूर्वीचे सर जॉर्ज क्लार्क, मुंबईचे गव्हर्नर. १९०८ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत टिळकांना मंडालेला धाडलं होतं. हिंदी लोकांच्या स्वराज्याला विरोध करणारा हा गृहस्थ अरबांच्या हक्कांसाठी का उभा राहिला? त्यांच्या लेखनात ज्यूंविषयीचा द्वेष उघड दिसतो. न्याय्य मागणीलाही कधी कधी चुकीचे मित्र मिळतात. म्हणून मागणी चुकीची ठरत नाही, पण आपल्या बाजूने कोण आणि कशासाठी बोलतंय, हे तपासावं लागतं.

लॉर्डांचं मत सरकारवर बंधनकारक नव्हतं. १३ दिवसांनी, ४ जुलैला, प्रश्न निवडून आलेल्या सभागृहात आला. तिथे चर्चिलनी २९२ विरुद्ध ३५ असा विजय मिळवला. २४ जुलैला राष्ट्रसंघाने मँडेटवर शिक्कामोर्तब केलं.

असं का झालं? साम्राज्याचं हित हे मोठं कारण होतंच. पण दुसरी बाजूही पाहा. झायोनिस्ट नेते खाइम वाइझमन मँचेस्टरमध्ये राहत होते. बाल्फोरना ते पहिल्यांदा भेटले जानेवारी १९०६ मध्ये, बाल्फोर त्याच शहरात निवडणूक लढवत असताना. १९१० मध्ये वाइझमन ब्रिटिश नागरिक झाले. त्यांनीही माणसं गाठण्याचं, पटवण्याचंच काम केलं आणि ते कायदेशीरच होतं. फरक एवढाच, की त्यांचा पत्ता मँचेस्टरचा होता आणि मूसा काझिम पाशांचा जेरुसलेमचा.

हे दुखणं आपल्यालाही ठाऊक होतं. १९१८ च्या अखेरीस टिळक विलायतेला गेले, मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांना भेटले, संसदेच्या संयुक्त समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. आपण न निवडलेल्या प्रतिनिधींपुढे आपलं गाऱ्हाणं मांडायचं, हीच त्यांचीही गत होती.

आता ९२ वर्षं पुढे येऊ. २०१४ च्या उन्हाळ्यात गाझात युद्ध झालं. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगानुसार २,२५१ पॅलेस्टिनी मारले गेले. इस्रायलचे ६७ सैनिक आणि ६ नागरिक मेले. १३ ऑक्टोबरला ग्रॅहम मॉरिस या मजूर खासदारांचा ठराव हाउस ऑफ कॉमन्समध्ये आला: सरकारने इस्रायलबरोबर पॅलेस्टाइन राष्ट्रालाही मान्यता द्यावी. बाजूने २७४, विरोधात १२. मंत्री तटस्थ राहिले. ६५० जणांच्या सभागृहात निम्म्याहून अधिकांनी मत दिलंच नाही, हेही विसरू नका.

तरी १९२२ चे ३५ आणि २०१४ चे २७४ यांत काय बदललं? जग बदललं, साम्राज्य गेलं. पण आणखी एक गोष्ट बदलली. या वेळी पत्रांखालचे पत्ते ब्रिटनमधले होते. १९८२ पासून काम करणाऱ्या पॅलेस्टाइन सॉलिडॅरिटी कॅम्पेनसारख्या संघटना लोकांना एकच सांगत आल्या: आपल्या खासदाराला लिहा, त्याला भेटा. शिक्षक, नर्स, कामगार संघटनेतली माणसं, चर्चला जाणारी आणि मशिदीत जाणारी, काही ज्यू नागरिकसुद्धा, हे करत राहिले.

हा ठरावही बंधनकारक नव्हता. जुलै २०२५ मध्ये २२० हून अधिक खासदारांनी मान्यतेच्या मागणीचं पत्र सरकारला दिलं आणि २१ सप्टेंबर २०२५ रोजी ब्रिटनने पॅलेस्टाइनला मान्यता दिली. कॉमन्सच्या मतदानानंतर अकरा वर्षांनी. तोवर गाझात हजारो घरं जमीनदोस्त झाली होती. मान्यतेच्या कागदाने त्यातलं एकही घर उभं राहिलं नाही. एका पत्राने अन्याय थांबतो, असं कोणी सांगू लागलं तर विश्वास ठेवू नका.

पण १९२२ चं ते वसाहत खात्याचं उत्तरही विसरू नका: तुमच्याकडे प्रतिनिधित्वाची यंत्रणा नाही. ज्याच्याकडे ती आहे, तो मतदार दूरच्या माणसासाठीही तिचा वापर करू शकतो. सेसिल हॉटेलातल्या माणसांकडे मुद्दे होते, कागद होते, चिकाटी होती. नव्हता तो फक्त एक पत्ता, ज्याला उत्तर देणं एखाद्या खासदाराला भाग पडलं असतं. आपल्यापैकी प्रत्येकाकडे, तो इंदूरला राहो, बडोद्याला की हैदराबादला, असा एक पत्ता आहे.