ॲसिटिलीनची टाकी आणि रस्त्याचे हादरे

वेल्डिंगच्या किंवा गॅसकटिंगच्या कामासाठी टेम्पोतून नेल्या जाणाऱ्या दोन टाक्यांपैकी काळी टाकी ऑक्सिजनची आणि गडद तांबूस रंगाची ॲसिटिलीनची असते. ऑक्सिजनची टाकी आतून पोकळ असून तीत वायू केवळ दाबून भरलेला असतो. ॲसिटिलीनची टाकी मात्र सच्छिद्र घन पदार्थाने काठोकाठ भरलेली असते, त्या पदार्थाच्या सूक्ष्म छिद्रांत ॲसिटोन हा द्रव मुरवलेला असतो आणि वायू त्या द्रवात विरघळलेला असतो. कारखान्यांत ‘डीए’ (डिझॉल्व्ड ॲसिटिलीन) या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी ही टाकी आज अगदी साधी वाटते. पण एक बेभरवशाचा वायू थोड्या प्रमाणात, खडबडीत रस्त्याने, कामाच्या जागेपर्यंत कसा न्यावा या प्रश्नाचे ते एक कष्टाने सापडलेले उत्तर आहे.

ॲसिटिलीनचा शोध एडमंड डेव्ही या रसायनज्ञाने 1836 मध्ये लावला होता, तरी हा वायू स्वस्त झाला तो 1892 नंतर, जेव्हा अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात थॉमस विल्सन याला विजेच्या भट्टीत कॅल्शियम कार्बाइड मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची रीत सापडली. आंबे पिकवण्याच्या गैरप्रकारामुळे महाराष्ट्रात बदनाम झालेला पदार्थ तो हाच. कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन निर्माण होतो आणि तो लख्ख पांढऱ्या ज्योतीने जळतो. त्यामुळे सायकली, घोडागाड्या आणि सुरुवातीच्या मोटारी यांच्या दिव्यांत कार्बाइड आणि पाणी भरण्याची पद्धत लवकरच रूढ झाली. या पद्धतीत वायू साठवावा लागत नसे, हा तिचा मोठा गुण. परंतु ज्योत कमीजास्त होई, आणि उरलेला चुन्याचा चिखल प्रत्येक वेळी खरवडून काढावा लागे.

वायू दाबून बाटलीत भरण्याचे प्रयत्न अर्थातच झाले आणि त्यांतून गंभीर स्फोटही झाले. त्यांचे कारण बर्तलो आणि व्हिएय या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1896 च्या सुमारास स्पष्ट केले: सुमारे दोन वातावरणांपेक्षा अधिक दाबाखाली असलेले ॲसिटिलीन हवा किंवा ऑक्सिजन नसतानाही, नुसत्या ठिणगीने वा तापण्याने, कार्बन आणि हायड्रोजन यांत फुटून जाते आणि हे विघटन क्षणार्धात सर्व वायूत पसरते. त्याच सुमारास क्लोद आणि हेस यांनी दाखवून दिले की ॲसिटोन साध्या दाबाला स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे पंचवीसपट ॲसिटिलीन विरघळवते आणि दाब वाढवला की हे प्रमाणही वाढत जाते. तरीही अडचण उरलीच, कारण वायू वापरला जाऊ लागला की द्रवाचे आकारमान घटते, वर मोकळी जागा तयार होते आणि तेथे साठलेला वायू पूर्वीइतकाच धोकादायक ठरतो. यावरचा उपाय म्हणजे टाकीत मोकळी जागाच उरू न देणारे सच्छिद्र भरण. बारीक छिद्रांत विघटनाची उष्णता शोषली जाते आणि ते पुढे सरकत नाही.

मात्र प्रयोगशाळेत निर्धोक ठरलेले हे भरण वाहतुकीत टिकेना. हादऱ्यांनी त्याचा भुगा होई, तो तळाशी बसे, आणि ज्या पोकळ्या बुजवण्यासाठी त्याची योजना केली होती त्याच पुन्हा निर्माण होत. हा दोष स्वीडनचा अभियंता गुस्ताफ दालेन याने 1906 च्या सुमारास दूर केला. त्याने तयार केलेले भरण धक्के सोसूनही तडकत नसे. दालेनला 1912 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते दीपगृहांच्या दिव्यांसाठी केलेल्या स्वयंचलित नियंत्रकांबद्दल. पण या टाकीवाचून ते दिवे माणसाच्या देखरेखीविना महिनोन्‌महिने जळू शकले नसते, आणि कारागिराच्या दृष्टीने पाहता त्याचे अधिक मोलाचे काम भरणाचेच म्हणावे लागते. त्याच वर्षी टाक्यांची चाचणी घेताना झालेल्या स्फोटात त्याची दृष्टी कायमची गेली.

अमेरिकेत ‘प्रेस्ट-ओ-लाइट’ या कंपनीने 1904 पासून मोटारीच्या दिव्यांसाठी अशा छोट्या टाक्या पुरवल्या. रिकामी टाकी देऊन भरलेली घेण्याची तिची पद्धत आजच्या घरगुती गॅसच्या ग्राहकाला ओळखीची वाटेल. विजेचे दिवे आल्यावर हा उपयोग ओसरला, पण तोवर ऑक्सिजन-ॲसिटिलीनची तीन हजार अंश सेल्सियसहून अधिक तापणारी ज्योत धातुकामात रुजली होती आणि टाकी मोटारीच्या पायटावरून दुरुस्तीच्या गाडीत येऊन बसली.

भारतात या वाहतुकीवर नियमन आले ते 1884 च्या स्फोटक कायद्याच्या आधाराने. धातूच्या पात्रात दाबून भरलेल्या वायूला 1938 मध्ये या कायद्यापुरते स्फोटक मानण्यात आले, 1940 मध्ये गॅस सिलिंडर नियम झाले आणि पुढे 1981, 2004 व 2016 मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. सायकलवरून वा दुचाकीवरून सिलिंडर नेऊ नये, तो वाहनाच्या बाहेर डोकावू नये, गाडीतून पडणार नाही असा पक्का बसवावा, ही त्यांतील कलमे कोणत्याही वायूला लागू पडतात. ॲसिटिलीनची टाकी उभीच ठेवण्याचा दंडक मात्र तिच्या अंतर्रचनेतूनच येतो, कारण आडव्या टाकीतून वायूबरोबर ॲसिटोनही बाहेर पडते आणि भरणातील द्रव कमी होत जातो.

युरोपात 1957 च्या जिनिव्हा कराराने धोकादायक मालाच्या रस्तावाहतुकीला एकच चौकट दिली आणि थोडा माल नेणाऱ्या कारागिराला काही सवलतीही दिल्या. ज्वालाग्राही वायूंसाठी ही मर्यादा एका वाहनामागे 333 आहे आणि विरघळलेल्या वायूच्या बाबतीत ती निव्वळ वजनाच्या किलोग्रॅममध्ये मोजली जाते. सवलत असली तरी दोन किलोचे अग्निशामक गाडीत असावेच लागते. या आकड्याने फारसे हुरळून जाण्याचे कारण नाही, कारण हवेत अवघे अडीच टक्के ॲसिटिलीन मिसळले तरी मिश्रण पेट घेऊ शकते, आणि बंद व्हॅनमध्ये रात्रभर झिरपणाऱ्या एकाच टाकीने ते प्रमाण सहज गाठता येते. म्हणूनच काम संपल्यावर व्हॉल्व्ह बंद करून, रेग्युलेटर काढून, टाकी हवेशीर किंवा उघड्या गाडीतून नेण्याचा आग्रह तेथे धरला जातो.