तिळाची लाल साक्ष

चौल-रेवदंड्याच्या किनाऱ्यावर घाणा चालवणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंना लोक ‘शनवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे.

घाण्यावरचं तेल डोळ्यांनी आणि नाकाने पारखलं जाई. खोबरेलाची परीक्षा तर थंडीच घेते. साधारण 24 अंशांखाली ते थिजतं. पौषातल्या पहाटे बाटलीत खाली पांढरा गड्डा आणि वर पातळ तेलाचा थर दिसला, की दुसरं तेल मिसळल्याचा संशय घ्यावा.

पण तेलाची खरी कुळी तिळाची. तिळाचं ते तैल, तैलाचं तेल. पुढे शेंगदाण्याचं, करडईचं, सगळ्यांचंच तेल झालं. भेसळ ओळखण्याची एक झटपट रीतही तिळावरच उभी आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच रसायनज्ञ बोदुअँ यांच्या नावाने ती रूढ झाली. तिकडे महागड्या ऑलिव्ह तेलात स्वस्त तिळेल घालत, ते पकडायला ही चाचणी. म्हणजे तिथे तीळ आरोपी होता.

आपल्याकडे तो साक्षीदार झाला. 1937 मध्ये ‘डालडा’ आला आणि वनस्पती तूप साजूक तुपात बेमालूम मिसळू लागलं. तेव्हा सरकारने वनस्पतीत 5 टक्के तिळेल घालण्याची सक्ती केली. खाणाऱ्याला अपाय नाही, चवीत फरक नाही, पण चोर पकडला जातो. इतकी शहाणी युक्ती अन्नाच्या कायद्यात मला दुसरी आढळलेली नाही.

परीक्षानळीत वितळवलेलं तूप, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल आणि चिमूटभर साखर घेऊन मिनिटभर हलवायचं, मग पाच मिनिटं थांबायचं. आम्लाने साखरेचं फुरफुराल जातीचं द्रव्य होतं, ते तिळातल्या सेसमॉलला भिडतं आणि खालचा आम्लाचा थर गुलाबी ते लालभडक होतो. आम्ल कातडी जाळतं, म्हणून हे काम प्रयोगशाळेतच व्हावं. शिवाय साखरेविना एक नळी जोडीला ठेवावी लागते. तीही लाल झाली, तर तो गुण तिळाचा नसून एखाद्या कृत्रिम रंगाचा असतो. आणि कोणी तुपात थेट पामतेल कालवलं, तर तीळ नसल्याने नळी रंगत नाही. मग त्या तुपाला अपवर्तनांक मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरखाली जावं लागतं.