निसर्गाचा दाखला नेमका कुणाच्या बाजूचा?

संपूर्ण वनस्पतिजन्य आणि कच्चा आहार घेणाऱ्यांमध्ये एक मत आता जवळपास सिद्धांतासारखं वावरतं. ताट शुद्ध असेल तर जीवनसत्त्वाच्या गोळीची गरज नाही. गोळी लागत असेल तर ताटातच खोट आहे. मला दूध सोडून अकरा वर्षं झाली. सकाळी पुढ्यात मोडाची मटकी, खोवलेला नारळ, किसलेला दुधी आणि लिंबाची फोड असते, आणि ते मी चवीनं खातो. म्हणूनच हे मत बिनविरोध जाऊ देणं मला जमत नाही.

आधी पूर्वपक्ष, आणि तोही त्याच्या पुऱ्या बळानिशी. हे लोक भोळे नाहीत. ते म्हणतात: शिजवल्यानं जीवनसत्त्वं नष्ट होतात, आम्ही शिजवतच नाही. गाय, हत्ती पाला खाऊन धष्टपुष्ट राहतात, त्यांना कोण गोळ्या देतं? ऋषिमुनी कंदमुळांवर जगले. बी-१२ हे जीवनसत्त्व आपल्या आतड्यातले जंतूच बनवतात. शिवाय स्पिरुलिनासारखं शेवाळं आहे, आंबवलेले पदार्थ आहेत. आणि शेवटचा, सगळ्यांत जड मुद्दा: "पाच वर्षं झाली, माझे रिपोर्ट उत्तम आहेत."

यातलं शिजवण्याचं म्हणणं क जीवनसत्त्वाबाबत खरं आहे. पण वाद बी-१२चा आहे, आणि ते मेथीत कच्चं असतानाही नसतं. कुठलीही वनस्पती ते बनवत नाही. प्राणीही बनवत नाही. ते बनवतात फक्त जीवाणू आणि त्यांचे दूरचे भाऊबंद आर्किया. जे मुळात नाही ते न शिजवून वाचणार कसं?

गाईचा दाखला तर उलटा पक्षकारावरच येतो. गाईच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे जंतूंचं भलंमोठं पिंप. चाऱ्यातून मातीतलं कोबाल्ट तिथे पोचतं, जंतू त्यातून बी-१२ घडवतात, आणि मग तो माल पुढे लहान आतड्यात शोषला जातो. पिंप आधी, शोषण नंतर. आपली रचना नेमकी उलटी: जंतूंची दाट वस्ती मोठ्या आतड्यात, आणि बी-१२ शोषण्याची जागा त्याच्या अलीकडे, लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला. नदीला खाली पूर आला म्हणून वरच्या गावाची विहीर भरत नाही. सशाचीही हीच अडचण आहे. ती तो स्वतःचीच मऊ लेंडी पुन्हा खाऊन सोडवतो. निसर्गाचा दाखला इथपर्यंत पाळायची कुणाची तयारी आहे?

ऋषिमुनींबद्दल एकच विचारतो. वसिष्ठांच्या आश्रमात नंदिनी गाय होती ती काय शोभेला? आपल्याकडच्या कडक शाकाहारी परंपरांनीही, जैनांसकट, दूध-दही-तूप वर्ज्य मानलं नाही. आपण करतो तो प्रयोग पूर्वजांचा नाही, आपला आहे. तो नवा असण्यात काही कमीपणा नाही. पण त्याला जुन्या नावाची जामीनकी मिळणार नाही.

आता पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा. १९८० साली 'नेचर'मध्ये वेल्लोरच्या अल्बर्ट, मथन आणि बेकर या संशोधकांचा निबंध आला. दक्षिण भारतीय माणसांच्या लहान आतड्यात, म्हणजे शोषणाच्या जागेच्या वरच्या बाजूला, बी-१२ बनवणारे जंतू त्यांना सापडले. हा शोध खरा आहे, आणि तो दडवून वाद जिंकण्यात काही अर्थ नाही. पण त्यातून सिद्ध काय होतं? जंतू ते बनवू शकतात, इतकंच. माणसाला पुरेल इतकं मिळतं, हे त्यात कुठे आहे? लहान आतड्यात जंतू फार माजले तर ते आयतं आलेलं बी-१२ फस्तही करतात, हे वैद्यकाला ठाऊक आहे. आणि याच बेकरांचं नाव आणखी एका निबंधावर आहे. १९६२ साली 'लॅन्सेट'मध्ये जाधव, वेब, वैष्णव आणि बेकर यांनी दक्षिण भारतातल्या अंगावर पिणाऱ्या बाळांचा आजार नोंदवला: बाळं मलूल, शिकलेल्या हालचाली विसरलेली, हातापायांना कंप. कारण होतं बी-१२ची कमतरता. आईच्याच अंगात नाही तर दुधात कुठून उतरणार? ज्या प्रदेशातल्या आतड्यांची ग्वाही दिली जाते, त्याच प्रदेशातली ही बाळं. आतड्यातल्या जंतूंनी त्या आयांना का तारलं नाही?

दूर कशाला, पुण्यात या. के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं पुणे परिसरातल्या खेड्यांतले आणि शहरातले ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले, अहवाल २००६चा. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. वारंवार सामिष खाणाऱ्यांच्या तुलनेत शाकाहाऱ्यांना हा धोका ४.४ पट. आणि लक्षात घ्या, हे शाकाहारी आपल्या घरातले. चहात दूध आणि पोळीवर तूप घेणारे. सामिष खाणाऱ्यांतही कमतरता असते, असा प्रतिवाद मी ऐकला आहे. असते. पण दूध घेणाऱ्याचीच शिल्लक अशी तोकडी असेल, तर तेही सोडणाऱ्याची कशी असेल? हिशेब वाचकांनीच करावा.

निव्वळ कच्च्या आहाराचाही पुरावा आहे. जर्मनीत गीसनच्या संशोधकांनी दीर्घकाळ कच्चं खाणारे २०१ लोक तपासले, निबंध २००५चा. त्यातले काही जण थोडं सामिषही खात. तरीही ३८ टक्क्यांत बी-१२ची कमतरता निघाली आणि ५१ टक्क्यांत होमोसिस्टीन, म्हणजे बी-१२ कमी पडलं की रक्तात साचणारं द्रव्य, वाढलेलं. त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल कमी होतं, हेही त्याच निबंधात आहे आणि आपल्या आहाराचं ते श्रेय मी आनंदानं घेतो. एका पानावरचं श्रेय घेऊन दुसऱ्या पानावरचं देणं मात्र नाकारता येत नाही.

स्पिरुलिनाचं थोडक्यात. तिच्यात सापडणारं बहुतांश द्रव्य बी-१२सारखं दिसणारं, पण माणसाच्या उपयोगी न पडणारं आहे. नेदरलँड्समध्ये कमतरता असलेल्या मुलांना शेवाळ्याचे प्रकार खाऊ घातले. रक्तातला आकडा वाढला, पण तांबड्या पेशी, कमतरतेत फुगतात तशा, फुगतच राहिल्या. इडली-आंबील आंबवणारे जंतूही या कामी भरवशाचे नाहीत. आणि भाजी न धुता खाण्याचा सल्ला देणाऱ्यानं आपल्याकडच्या मळ्यांना कुठलं पाणी मिळतं ते एकदा पाहून यावं.

राहिला 'माझे रिपोर्ट उत्तम' हा मुद्दा. शरीरात, मुख्यतः यकृतात, बी-१२चा साठा दोन ते पाच मिलिग्रॅम असतो आणि रोजची गरज जेमतेम अडीच मायक्रोग्रॅम. म्हणजे जुन्या पुंजीवर माणूस कित्येक वर्षं काढतो आणि तिला नव्या धंद्याची कमाई समजतो. दुसरा घोटाळा याहून कपटी आहे. हिरव्या पाल्यात फोलेट भरपूर. त्याच्या जोरावर रक्त ठीक दिसत राहतं, हिमोग्लोबिन ढळत नाही, आणि आत मज्जारज्जूच्या तंतूंवरचं वेष्टण झिजत जातं. म्हणजे आहार जितका हिरवा, तितकी धोक्याची घंटा उशिरा वाजणार.

माझ्या एका स्नेह्यांचं असंच झालं. सहा वर्षं कच्चं खाणं, हिमोग्लोबिन साडेतेरा. मग पायातली चप्पल निसटली तरी कळेना. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जाई, म्हणून बेसिनची कड धरून उभे राहत. डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क ठोकून त्यांच्या घोट्याच्या हाडावर टेकवला आणि विचारलं, "थरथर जाणवते?" हे म्हणाले, "कसली?"

'व्हीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये ज्यांनी घडवला, त्यांची ढाल तरी इथे चालेल का? बी-१२ वेगळं काढलं गेलं १९४८ साली. त्या पहिल्या पिढीनं नकळत अगदी शुद्ध प्रयोग केला. १९५५ साली फ्रँक वोक्स आणि सहकाऱ्यांनी त्या मंडळींच्या तपासण्या छापल्या: दुखरी जीभ, हातापायांना मुंग्या. त्यांचीच व्हीगन सोसायटी आज सांगते, बी-१२ पूरक घ्या: रोज १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्याला २०००. संस्थापकांच्या घरचा निकाल हा आहे.

बाकी गोळ्यांचा ढीग मी कुणाच्या माथी मारत नाही. आयोडिनचं पाहा, कारण साध्या सैंधवात ते पुरेसं नसतं. ऊन अंगावर घेत नसाल तर ड जीवनसत्त्व तपासा. लोह प्रत्येकाचं वेगळं. प्रोटीन पावडरींचे डबे दुकानातच राहू द्या. बी-१२ला मात्र पर्याय नाही. आणि ती गोळी 'कृत्रिम' म्हणून नाकारणाऱ्यांनी ती कशी बनते ते तरी पाहावं: मोठ्या टाकीत जीवाणू वाढवतात, ते बी-१२ बनवतात, ते गाळून घेतात. गाईच्या पोटातलं पिंप तेवढं बाहेर आलं आहे, गाय मोकळी सोडून.

स्नेह्यांना इंजेक्शनं सुरू होऊन आठ महिने झाले. ताट अजून कच्चंच आहे. फोर्कची थरथर आता घोट्यावर कळते. अंगठ्यावर अजून नाही.