पाठ टेकली, हे कोणी ठरवायचे?

१४ जानेवारी २०२३, भोगीचा दिवस. पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरीच्या माती विभागातली अंतिम कुस्ती चालू होती, आणि इकडे केजमध्ये बसस्थानकासमोरच्या टपरीवर एका मोबाइलभोवती पंधरा-वीस माणसे डोकी एकत्र करून उभी होती. सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड. दोघेही सोलापूर जिल्ह्याचे, म्हणजे आमच्या दृष्टीने शेजारचे. महेंद्रने बाहेरची टांग मारली, सिकंदर खाली आला, आणि पंचांनी महेंद्रला चार गुण दिले. टपरीवर क्षणभर शांतता झाली. मग कोणीतरी म्हणाले, "चार कशाचे? दोनच व्हतेत." त्या एका वाक्याने केजच्या पुढच्या महिनाभराच्या संध्याकाळी व्यापल्या.

आम्ही मराठी शिकवणारी माणसे. त्या गर्दीत आमच्यापैकी दोघे होते आणि उरलेल्यांनी ती चित्रफीत दुसऱ्या दिवशी पाहिली. त्यानंतरचा वाद आम्ही जितका ऐकला, तितके आम्हांला वाटू लागले की या वादाला इतिहास आहे आणि तो कोणीतरी नीट मांडायला हवा. 'हरलेल्याचे समर्थक आरडाओरडा करतात' असे म्हणून तो निकालात काढता येत नाही. ज्या खेळाचा निकाल एके काळी दहा हजार माणसे एकाच वेळी आपल्या डोळ्यांनी पाहत होती, त्याचा निकाल तीन माणसांच्या मतावर कसा येऊन ठेपला, आणि हे स्थित्यंतर प्रेक्षकाने मनातून कधी मान्य केले का, असा हा प्रश्न आहे.

जुनी पद्धत आमच्या भागात अजून पुरती गेलेली नाही. चैत्रात गावोगावच्या जत्रा भरतात. ऊसतोडीला गेलेली माणसे तोवर परतलेली असतात, आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी हगामा असतो. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर लागतात. मग रक्कम वाढत जाते आणि दिवस कलताना शेवटची मोठी कुस्ती. हलगी वाजत असते. फेटे बांधलेले पंच आखाड्यात फिरत असतात, पण निकाल देणे हे त्यांचे खरे काम नव्हे. जोड लावणे, कुस्ती रेंगाळली तर पैलवानांना मध्यभागी आणणे, आणि अंधार पडू लागला की कुस्ती सोडवणे, एवढेच त्यांच्याकडे. निकाल माती देते. पाठ टेकली की टेकली. जिंकलेला पोरगा खांद्यावर चढतो, गर्दीतून फिरतो आणि लोक त्याच्या हातात दहा-वीसच्या नोटा कोंबतात. ही बक्षिसाची रक्कम कोणत्याही समितीने ठरवलेली नसते.

अर्थात या पद्धतीतही लबाडी होती. 'नुरा कुस्ती' हा शब्द काही उगाच जन्मला नाही. पण लबाडी झाली तरी ती पैलवानांची असे, मोजणाऱ्यांची नसे. हा फरक लहान नाही.

महाराष्ट्र केसरीची स्पर्धा १९६१ मध्ये सुरू झाली. पहिली औरंगाबादला, आणि पहिले मानकरी दिनकर दह्यारी. राज्य नुकतेच स्थापन झाले होते. वेगवेगळ्या संस्थानी आणि इलाखी परंपरांतून आलेल्या तालमींना एका गदेखाली आणण्याचा तो काळ. कोल्हापूरला राजर्षी शाहूंनी उभारलेले खासबाग मैदान आणि मराठवाड्यातला जत्रेचा हगामा यांना एकत्र आणायचे तर समान नियम हवेत, वजनगट हवेत, वेळेची मर्यादा हवी. आणि वेळेची मर्यादा आली की गुण आलेच, कारण ठरलेल्या मिनिटांत पाठ टेकेलच असे नाही. पुढे स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग झाले, आणि दोन्हींच्या विजेत्यांत गदेसाठी लढत होऊ लागली. या रचनेत एक तडजोड आहे. मातीवाल्यांचा मान राहतो आणि गादीवाल्यांना ऑलिंपिकची वाट मोकळी राहते. मात्र मोजणीची पद्धत शेवटी गादीचीच ठरली.

गुणांची कुस्ती म्हणजे नेमके काय, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. आखाड्यात एक पंच, कडेला दुसरा, आणि टेबलापाशी प्रमुख. तिघांपैकी दोघांचे एकमत झाले की गुण नोंदला जातो. प्रतिस्पर्ध्याला नुसते खाली आणून ताब्यात घेतले तर दोन गुण, आणि उभ्यावरून फेकताना त्याची पाठ थेट मातीच्या दिशेने धोक्यात आली तर चार. 'धोक्यात आली' म्हणजे किती अंशात वळली? नियमपुस्तकात याचे उत्तर आहे. पण निमिषात घडलेल्या हालचालीवर ते लावायचे काम मताचे आहे. म्हणजे कुस्तीतला प्रत्येक गुण हे तीन माणसांचे छोटेसे मतदान असते.

आणि ही गोष्ट आजची नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तर चीतपट न झालेली कुस्ती उघडउघड तीन परीक्षकांच्या मतांवर ठरत असे. तीन विरुद्ध शून्य, नाही तर दोन विरुद्ध एक. खाशाबा जाधवांनी त्या स्पर्धेत स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक, कांस्य, आणले ते याच पद्धतीतून. पण त्यांच्या कथेतला आम्हांला महत्त्वाचा वाटणारा भाग हेलसिंकीच्या आधीचा आहे. मद्रासच्या निवड-कुस्तीत एका गुणाने त्यांना पराभूत ठरवण्यात आले. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावायला लावली, आणि त्याच निरंजन दासला चीतपट केले, असे त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितले जाते. गुणाविरुद्धचे अपील पाठ टेकवून जिंकायचे, ही मराठी कुस्तीप्रेमींच्या मनातली आदर्श न्यायकथा आहे. सिकंदरच्या वेळी केजमध्ये जो तो "पुन्हा लावा" म्हणत होता, त्यामागे ही कथा होती, ती सांगता येत असो वा नसो.

खाशाबांच्या बाबतीत समित्यांनी पुढेही चुकवायचे ते चुकवलेच. १९८४ मध्ये अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार २००० सालचा, मरणोत्तर. पद्म पुरस्कार आजवर नाही. १९५२ मध्ये मात्र कराडपासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. त्या गाड्या जुंपणाऱ्यांनी कोणाच्या मताची वाट पाहिली नव्हती.

येथे थोडे दूर, अमेरिकेत जायला हवे. कारण परीक्षकांचे मत आणि चाहत्यांची नजर यांच्यातला झगडा तिथे बेसबॉलमध्ये फार स्वच्छ रूपात सापडतो. त्या खेळात दर हंगामाअखेर 'सर्वांत मोलाचा खेळाडू' निवडतात आणि १९३१ पासून हे मतदान बेसबॉलवर लिहिणारे पत्रकार करतात. १९४१ मध्ये टेड विल्यम्सने .४०६ ची सरासरी राखली. त्यानंतर आजतागायत तिथल्या दोन जुन्या प्रमुख लीगांत .४०० ची रेषा कोणी हंगामभर ओलांडलेली नाही. पण त्याच वर्षी जो डिमॅजिओने सलग ५६ सामन्यांत फटका मिळवला, त्याचा संघ जिंकला, आणि पुरस्कार त्याला गेला. १९४७ मध्ये विल्यम्स सरासरी, होमरन आणि धावा मिळवून देणे या तिन्ही यादींत पहिला होता. तरी पुरस्कार पुन्हा डिमॅजिओला, २०२ विरुद्ध २०१. एका गुणाने! बोस्टनच्या चाहत्यांनी हे कधीच विसरायचे नाही असे ठरवले, आणि ते विसरले नाहीत.

यातली पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. विल्यम्सने आपल्या आत्मचरित्रात बोस्टनच्याच एका पत्रकाराला दोषी धरले: त्याने आपल्या दहा नावांत मला जागाच दिली नाही. वर्षानुवर्षे चाहत्यांनी त्या पत्रकाराला खलनायक मानले. नंतर जुनी दप्तरे तपासणाऱ्यांनी दाखवून दिले की त्या वर्षी त्या गृहस्थांना मतच नव्हते. शिवाय डिमॅजिओचे नावही काही मतपत्रिकांवर नव्हते. चाहत्यांचा संताप खरा होता, आरोपी चुकीचा होता. कोणत्याही निकालावर तावातावाने बोलण्याआधी आम्ही ही हकीकत एकदा आठवून पाहतो. नेहमी उपयोग होतोच असे नाही.

बीड जिल्ह्याला मात्र अशा प्रकरणासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नव्हती. पाटोद्याचा राहुल आवारे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी ५७ किलो गटात चाचणी मागत राहिला. पात्रता संदीप तोमरने मिळवली होती आणि पाठवले त्यालाच. नियमाच्या बाजूने पाहिले तर यात अन्याय होता असे ठामपणे म्हणता येत नाही. ज्याने जागा मिळवली तो जाणार, असा तो तर्क. पण आमच्याकडच्या माणसाचे म्हणणे अगदी साधे होते: दोघांना आखाड्यात उतरवा, काय व्हायचे ते होईल. ते झाले नाही. संदीप रिओत पहिल्याच फेरीत हरला, तेव्हा इकडे आनंद झाला नाही, हळहळच वाटली. दोन वर्षांनी, एप्रिल २०१८ मध्ये, राहुलने गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकले आणि ते आपले दिवंगत गुरू हरिश्चंद्र बिराजदार यांना अर्पण केले. २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य, २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार. पाटोद्यापासून केजपर्यंत लोक म्हणत होते की हे उत्तर आहे. कोणाला, ते कोणी बोलून दाखवत नव्हते.

आता पुन्हा २०२३. चार गुण की दोन, हा प्रश्न आम्ही आमच्यापुरता सोडवण्याचा प्रयत्न केला. चित्रफीत थांबवून थांबवून पाहिली. आमच्यातल्या तिघांना पाठ धोक्यात गेलेली दिसली नाही, दोघांना दिसली. म्हणजे पुन्हा मतदानच! आणि ते दोघे आधीपासूनच महेंद्रच्या बाजूचे होते, हेही येथे नोंदवले पाहिजे. तसेच ते तिघे सिकंदरचे. हमाली करणाऱ्या बापाचा पोरगा म्हणून सिकंदरवर जीव टाकणारे केजमध्ये पुष्कळ होते. नावावरून बाजू ठरवणारेही होते, दोन्हीकडे, आणि त्यांनी कुस्तीचा वाद भलतीकडे ओढला. पंचाला धमकावल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. प्रेक्षकाची नजर निर्मळ असते आणि परीक्षकाची मलिन, असे म्हणण्याची सोय त्या दिवशी संपली.

अंतिम लढतीत शिवराज राक्षेने महेंद्रला मिनिटभराच्या आतच चीतपट केले. त्या निकालावर कोणी चकार शब्द काढला नाही. त्याच नोव्हेंबरात फुलगावला सिकंदरने शिवराजला अर्ध्या मिनिटाच्या आत अस्मान दाखवले आणि गदा घेतली. त्यावरही वाद नाही. त्याच महिन्यात, दुसऱ्या गटाच्या स्पर्धेत, धाराशिवला शिवराज महाराष्ट्र केसरी झाला. एका महिन्यात एकाच नावाच्या दोन गदा! संघटनेची फूट हा वेगळा विषय आहे. आम्ही एवढेच म्हणू की, निकाल देणारेच दोन झाले की निकालाचे वजन निम्मे होते.

आमचा समज असा होता की वाद गुणांचाच होतो, पाठीचा होत नाही. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला तो समजही मोडला. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळविरुद्ध शिवराज राक्षेला पंचांनी चीतपट घोषित केले. माझे दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, चित्रफीत पाहा, असे शिवराजचे म्हणणे. ते मानले गेले नाही. त्याने पंचाची कॉलर धरली, लाथ मारली. पुढे पृथ्वीराजविरुद्धच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडही गुणांवरून रागावून मैदान सोडून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. लाथेचे समर्थन आम्ही करणार नाही. आमच्या टपरीवरही कोणी केले नाही, आणि हे विशेष होते. पण रात्री उशिरापर्यंत ते सगळे एकच दृश्य बोटाने मागेपुढे सरकवत होते. खांदा आणि गादी यांच्यामध्ये प्रकाशाची रेघ दिसते की नाही, एवढेच पाहत होते. कोणाच्या पडद्यावर दिसत होती, कोणाच्या नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे परके वाटू नये. अखिल भारतीय साहित्य संमेलनाचा अध्यक्ष कितीतरी वर्षे मोजक्या मतदारांच्या मतपत्रिकांवर निवडला जाई, आणि २०१९ च्या यवतमाळ संमेलनासाठी अरुणा ढेरे यांची एकमताने निवड झाल्यावर ती पद्धत मागे पडली. दोन्ही पद्धतींत वाचक बाहेरच उभा होता. फक्त त्याच्याकडे मागेपुढे सरकवायला चित्रफीत नव्हती.

त्या वर्षीच्या चैत्रात आमच्यापैकी काहीजण तालुक्यातल्या एका जत्रेला गेलो होतो. शेवटची कुस्ती पाऊण तास चालली. दोघेही दमले होते, मातीने ओळखू येत नव्हते, हलगीवाल्याचाही हात मंदावला होता. फेटा बांधलेल्या म्हाताऱ्या पंचांनी कमरेवर हात ठेवून गर्दीकडे पाहिले आणि विचारले, "सोडवायची का, मंडळी?" गर्दीतून नकार आला. मोटारसायकलींचे दिवे आखाड्याकडे वळवण्यात आले आणि कुस्ती पुढे चालू राहिली.