खेळाचा डबा आणि संगणक

फेब्रुवारी १९८९ मधली गोष्ट. मॉस्कोतल्या एका सरकारी कचेरीत तीन परदेशी व्यावसायिक एकाच आठवड्यात येऊन थडकले. तिघांनाही एकच गोष्ट हवी होती : 'टेट्रिस' या खेळाचे हक्क. मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सेई पाझित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये हा खेळ 'इलेक्त्रोनिका ६०' या संगणकावर लिहिला होता. त्या संगणकाला चित्रे काढता येत नसत, म्हणून वरून पडणारे ठोकळे कंसाच्या चिन्हांनी दाखवलेले होते. पुढे हा खेळ देशाबाहेर गेला, आणि रशियन सरकारी संस्थेने एका मध्यस्थाला तो संगणकांवर विकण्याचे हक्क दिले. त्याने ते दुसऱ्याला विकले, दुसऱ्याने तिसऱ्याला. असे होता होता जपानमध्ये निंटेंडोच्या यंत्रावर चालणारी टेट्रिसची कार्ट्रिज दुकानात आली.

संस्थेच्या वतीने बोलणाऱ्या निकोलाय बेलिकोव्ह यांना ही कार्ट्रिज दाखवली गेली, तेव्हा ते चकितच झाले. असे हक्क आपण कोणाला दिलेच नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी एक साधी युक्ती केली. मूळ मध्यस्थ रॉबर्ट स्टाइन यांच्यासमोर त्यांनी करारातली एक दुरुस्ती सहीसाठी ठेवली. तीत 'संगणक' या शब्दाची व्याख्या होती : ज्याला प्रोसेसर, मॉनिटर, डिस्क ड्राइव्ह, कळफलक आणि ऑपरेटिंग सिस्टिम असते तो संगणक. स्टाइन यांनी सही केली. त्या एका वाक्याने टीव्हीला जोडायचे खेळाचे यंत्र संगणकाच्या बाहेर पडले आणि त्यावरचे हक्क मोकळे झाले. मार्चमध्ये ते निंटेंडोने विकत घेतले. टेंजेन या अमेरिकन कंपनीने जुन्या साखळीतल्या हक्कांच्या भरवशावर आपली कार्ट्रिज बाजारात आणली होती. तिचा युक्तिवाद मजेदार होता. निंटेंडोच्या यंत्राचे जपानमधले नावच मुळी 'फॅमिली कॉम्प्युटर', तेव्हा तो संगणक नव्हे तर काय? कॅलिफोर्नियातल्या न्यायालयाला हे पटले नाही. जून १९८९ मध्ये टेंजेनच्या विक्रीवर बंदी आली.

'संगणक म्हणजे काय?' हा प्रश्न आपण सहावी-सातवीच्या मुलांना विचारतो आणि चार ओळींचे उत्तर पाठ करून घेतो. त्याच प्रश्नावर इथे कोट्यवधी डॉलर फिरले. पण आम्हाला या प्रश्नात रस आहे तो वेगळ्या कारणासाठी. मुलाला खेळण्यासाठी संगणक बरा की खेळाचे यंत्र, म्हणजे कन्सोल, बरे, असे पालक शिक्षकांना विचारत आले आहेत. या वादाचे मूळ शोधायचे तर दोन्ही यंत्रांच्या जन्मापर्यंत मागे जायला हवे.

संगणकावरच्या खेळांचा एक उगम अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत सापडतो. तिथे १९६२ मध्ये स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी 'स्पेसवॉर' हा दोन अंतराळयानांच्या लढाईचा खेळ पूर्ण केला. तो चालायचा पीडीपी-१ या संगणकावर, ज्याची किंमत होती सुमारे १,२०,००० डॉलर. घरी नेऊन खेळण्याचा प्रश्नच नव्हता. पण या खेळाचा कार्यक्रम सर्वांना खुला होता. कोणाला वाटले, मागे खरे तारे हवेत, त्याने खऱ्या आकाशाचा नकाशा घातला. दुसऱ्याने मध्यभागी सूर्य ठेवून त्याचे गुरुत्वाकर्षण गणितात आणले. खेळणारे आणि लिहिणारे लोक तेच होते.

दुसरी परंपरा संगणकातून आलेलीच नाही. संरक्षण खात्याची कामे करणाऱ्या एका कंपनीतले अभियंते राल्फ बेअर यांना १९६६ मध्ये असा विचार सुचला की अमेरिकेत घरोघरी टीव्ही संच पडून आहेत, त्यांच्यावर नुसते बघण्यापलीकडे काही करता येईल का? त्यातून १९७२ मध्ये मॅग्नावॉक्स कंपनीचे 'ओडिसी' आले, सुमारे १०० डॉलरना. त्यात प्रोसेसर नव्हता, स्मृती नव्हती, कार्यक्रमही नव्हता. होती ती काही डझन ट्रान्झिस्टर आणि डायोडची मंडले. खेळ बदलायचा म्हणजे एक छोटे कार्ड खाचेत घालायचे. कार्डावर फक्त तारांची जोडणी असे. पडद्यावर पांढरे ठिपके हलत आणि मैदान दाखवण्यासाठी टीव्हीच्या काचेवर रंगीत प्लॅस्टिकचा कागद चिकटवावा लागे. गुण खेळणाऱ्यांनीच कागदावर मांडायचे! आपल्याकडच्या सापशिडीच्या पुठ्ठ्याला विजेची जोड दिली, असेच हे यंत्र होते म्हणा ना.

म्हणजे आरंभी या दोघांत चुलत नातेही नव्हते. ते आले स्वस्त प्रोसेसरमुळे. १९७७ या एकाच वर्षात अ‍ॅपल-२ हा घरगुती संगणक आणि अटारी कंपनीचे 'व्हीसीएस' हे कन्सोल बाजारात आले. दोन्हींचे हृदय एकाच कुळातले होते, ६५०२ जातीचा प्रोसेसर. अ‍ॅपलची किंमत कमीत कमी १,२९८ डॉलर, अटारीची सुमारे २००. हा फरक कुठून आला? मुख्यतः स्मृतीतून. अटारीत कामचलाऊ स्मृती होती केवळ १२८ बाइट.

इथे थोडे गणित करून पाहू. विद्यार्थ्यांनाही ते करता येईल. अटारीच्या पडद्यावर आडवे १६० आणि उभे साधारण १९२ ठिपके दिसत. प्रत्येक ठिपका काळा की पांढरा, एवढेच लक्षात ठेवायचे म्हटले तरी ३०,७२० बिट, म्हणजे ३,८४० बाइट लागतील. जवळ आहेत १२८. तीसपट कमी! मग चित्र उमटायचे कसे? उत्तर असे की ते कधी साठवलेच जात नसे. जुन्या टीव्हीत इलेक्ट्रॉनांचा झोत काच एकेका आडव्या रेषेने झाडत खाली येतो, सेकंदाला सुमारे १५,७०० रेषा. अटारीचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे ११.९ लाख ठोके टाकायचा. भागाकार केला की एका रेषेच्या वाट्याला ७६ ठोके येतात. एका आज्ञेला दोन ते सात ठोके लागतात, म्हणजे वीस-पंचवीस आज्ञांत त्या रेषेवर काय दिसायचे ते ठरवून मोकळे व्हायचे, तोवर झोत पुढच्या रेषेवर गेलेला असतो. झोत तळाशी पोचून पुन्हा वर येईपर्यंत जो अवकाश मिळे, त्यात चेंडू कुठे लागला, गुण किती झाले, हा हिशोब उरकायचा. लोकलमध्ये दारात उभे राहून पुढचे स्टेशन यायच्या आत चहा पिऊन संपवावा, तशातला हा प्रकार.

कन्सोलचा सगळ्यात मोठा गुण नेमका इथे दिसतो. ठोके मोजून लिहिणे शक्य झाले, कारण जगातली सगळी अटारी यंत्रे एकसारखी होती. लिहिणाऱ्याला पलीकडे कोणते यंत्र असेल याची चिंता नव्हती, आणि मुलाला खेळ चालेल की नाही ही. कार्ट्रिज खोचा, बटण दाबा. संगणकाचे तसे नव्हते. नव्वदीच्या दशकात ज्यांनी पीसीवर खेळ चालवले त्यांना आठवत असेल : ६४० किलोबाइटच्या मर्यादेत जागा मोकळी करणे, ध्वनीच्या कार्डाची जुळणी, आणि एवढे करून खेळ सुरू झाला तर झाला. खेळण्यापेक्षा खेळ चालू करण्यातच संध्याकाळ जायची. (त्यातून पुष्कळ मुले संगणक शिकली, हेही खरे.)

दोषही याच बंद डब्यातून आले. अटारीत खेळ लिहिणाऱ्यांची नावे बाहेर येत नसत. म्हणून चार जण बाहेर पडले आणि १९७९ मध्ये त्यांनी अ‍ॅक्टिव्हिजन काढली, अटारीच्या यंत्रासाठी स्वतंत्रपणे खेळ विकणारी पहिली कंपनी. अटारीला ते कोर्टकचेऱ्या करूनही थांबवता आले नाही. मग जो तो कार्ट्रिज काढू लागला, आणि बाजारात सुमार खेळांचे ढीग लागले. त्याच सुमारास जॅक ट्रॅमिएल यांच्या कमोडोर कंपनीने १९८२ मध्ये ५९५ डॉलरना आणलेला संगणक पुढच्याच वर्षी २०० च्या आसपास आणला. जाहिरातींचा सूर असा, की नुसते खेळाचे यंत्र कशाला घेता, संगणकावर खेळही होतो आणि अभ्यासही. अभ्यास किती झाला कोण जाणे! पण १९८३ मध्ये अमेरिकेतला कन्सोलचा बाजार कोसळला. अटारीने न खपलेली कार्ट्रिजे न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्दो इथे कचऱ्याच्या खड्ड्यात पुरली. २०१४ मध्ये ती उकरून काढली गेली. ट्रॅमिएल यांनी कमोडोर सोडून १९८४ मध्ये त्याच अटारीचा घरगुती यंत्रांचा धंदा विकत घेतला, हा आणखी एक गमतीचा भाग.

ब्रिटनमध्ये या पडझडीची झळ फारशी लागली नाही, कारण तिथली मुले मुळात संगणकावरच खेळत होती. १९८२ चा 'झेडएक्स स्पेक्ट्रम' १२५ पौंडांपासून मिळे. खेळ साध्या कॅसेटवर येत, चढवायला पाचेक मिनिटे लागत आणि टेपचा आवाज थोडा कमीजास्त झाला की सारे पुन्हा पहिल्यापासून. मासिकांत खेळांचे कार्यक्रम छापून येत, ते मुले ओळीने टंकत. एक स्वल्पविराम चुकला की खेळ बंद. तो शोधता शोधता मुलांच्या ध्यानात यायचे की खेळ ही लिहिलेली वस्तू आहे, आणि लिहिलेले बदलता येते. ज्या वयात निबंधातली चूक दाखवली तर मुले रुसतात, त्याच वयात ती स्वतःहून आपली चूक शोधत होती. ही गोष्ट आम्हाला शिक्षक म्हणून फार मोलाची वाटते. कॅसेटची नक्कल दोन टेपरेकॉर्डरांवर कोणीही काढी आणि लिहिणाऱ्यांचे पैसे बुडत, ही मोकळीकीची दुसरी बाजू.

भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ पासून स्पेक्ट्रम परवान्याने बनवला. त्याआधी, १९८४-८५ मध्ये, केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून सुमारे २५० शाळांत ब्रिटनचे 'बीबीसी मायक्रो' संगणक आले होते. हा संगणक चालू केला की समोर यायची ती बेसिक भाषा, आज्ञेची वाट पाहत.

निंटेंडोने अटारीच्या पडझडीतून उलटा धडा घेतला. १९८५ मध्ये अमेरिकेत आलेल्या त्यांच्या यंत्रात एक कुलपाची चिप होती. कार्ट्रिजमध्ये जोडीची चिप नसेल तर यंत्र चालणारच नाही. खेळ काढणाऱ्या कंपनीला परवाना हवा, वर्षाला जास्तीत जास्त पाच खेळ, आणि कार्ट्रिज निंटेंडोकडूनच बनवून घ्यायच्या. दर्जा सुधारला हे मान्य करायला हवे. पण धाब्याच्या मालकाने गिऱ्हाइकाचा डबाही उघडू देऊ नये, तसे झाले.

या यंत्राची चित्रे काढणारी चिप मात्र कौतुकाची होती. पार्श्वभूमी आठ-आठ ठिपक्यांच्या फरशांची बनलेली. ती सरकवायची तर पुन्हा काढायला नको, चिपला एक आकडा बदलून सांगितला की पुरे. म्हणून मारिओ धावतो तेव्हा मागचे डोंगर लोण्यासारखे सरकतात. तेव्हाच्या पीसीत असे खास अवयव नव्हते. ३२० बाय २०० ठिपके, सोळा रंग, म्हणजे ३२,००० बाइट, आणि ते सेकंदाला तीस वेळा नव्याने लिहायचे. यंत्र धापा टाकायचे.

सप्टेंबर १९९० मध्ये जॉन कार्मॅक या विशीतल्या तरुणाला एक गोष्ट दिसली. चित्र एक फरशी सरकले तरी बहुतेक ठिकाणी आधी होती तशीच फरशी येते, निळ्या आकाशाच्या जागी निळे आकाश. मग बदललेल्या फरशा तेवढ्याच रंगवाव्यात! त्याने आणि टॉम हॉलने एका रात्रीत 'सुपर मारिओ ३' चा पहिला टप्पा पीसीवर उभा केला. पुढे तो निंटेंडोला दाखवला गेला. आपले खेळ पीसीवर आणण्यात निंटेंडोला रस नव्हता. मग याच मंडळींनी डिसेंबर १९९० मध्ये 'कमांडर कीन' काढला, पहिला भाग फुकट वाटून, आणि १९९३ मध्ये 'डूम'. डूमची चित्रे आणि नकाशे त्यांनी मुद्दाम वेगळ्या फाइलीत ठेवले, कोणालाही बदलता यावेत म्हणून. तीस वर्षांनी स्पेसवॉरची रीत पुन्हा वर आली.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. २००० मध्ये युरोपात प्लेस्टेशन-२ सोबतच्या चकतीवर सोनीने बेसिक भाषा दिली. संगणकावर आयात कर नव्हता, खेळयंत्रावर होता, त्यामुळे यामागचा हेतू लोकांनी लगेच ओळखला, आणि वाद कित्येक वर्षे न्यायालयांत चालला. २००६ च्या प्लेस्टेशन-३ वर लिनक्स चढवता येई. अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेने अशी १,७६० यंत्रे जोडून महासंगणक उभारला. पण २०१० मध्ये सोनीने ही सोय काढून घेतली. २०१३ पासूनच्या मोठ्या कन्सोलांत प्रोसेसर पीसीच्याच घराण्यातले आहेत. आता आत डोकावले तर फरक उरला आहे तो कुलपाचा.

आपल्याकडे नव्वदीच्या दशकात टीव्हीला जोडायचा जो 'व्हिडिओ गेम' गल्लोगल्ली आला, तो बहुतेक निंटेंडोच्या त्या जुन्या यंत्राची नक्कल असे. त्याला कुलूप नव्हते. काहींना कळफलक जोडून ते 'शिकण्याचा कॉम्प्युटर' म्हणून विकले जात, आणि त्यांच्या यादीत खेळांच्या गर्दीत बेसिकही असायची. फारच थोड्यांनी ती उघडली असेल. बहुतेकांत लिहिलेले साठवून ठेवण्याची सोय नव्हती. बटण बंद केले की सगळे पुसले जाई. बेलिकोव्ह यांच्या व्याख्येत हे यंत्र डिस्क नसल्यामुळे नापास होईल. शाळेच्या किंवा कोणाच्या घरच्या माळ्यावर असा डबा अजून असेल, तर जुना टीव्ही गाठून तो जरूर जोडून पाहा. पाढा छापणाऱ्या चार ओळी मुलांना त्यावर लिहू द्या, आणि मग वर्गात बेलिकोव्ह यांची व्याख्या चर्चेला घ्या.